लेपर्डचं झाकण

२ एप्रिल १९८९, रविवार. जळगाव

झाकण परत उघडं! काल मी स्वतःच्या हाताने बंद केलं, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली करदोड्याला. आज सकाळी बघतो तर लेपर्डच्या, माझ्या वीतभर रणगाड्याच्या, बुरजावरचं झाकण सरळ उभं. उंदीर म्हणावं, तर कुलपाच्या आत उंदीर गेला कसा? आणि झाकणाला लावलेली बिजागरी त्याला कळली कशी?

३ एप्रिल

अॅराल्डाइटचा थेंब दिला. आता उघड म्हणावं!

६ एप्रिल

ऑफिसात साहेबांनी चारचौघांत विचारलं, "लीलाधर, तुम्ही घरी खेळणी करता म्हणे?" खेळणी! पाटबंधारे खात्यात पंधरा वर्षं न झालेल्या धरणांचे नकाशे काढतोय, त्याला काम म्हणतात. घरी न झालेला रणगाडा केला की खेळणी.

माझा नियम सरळ आहे. जो रणगाडा खरोखर बांधला, तो मी करत नाही. जर्मनांचा टेहळणीचा हलका रणगाडा, लुक्स — तो बांधला, पळाला, त्यात पोरं मेली. तो नको. लेपर्ड त्याच्या पुढचा. बेचाळीस साली कागदावर उतरला आणि पहिला नग पुरा व्हायच्या आत रद्द झाला. त्यात कोणी बसलं नाही, कोणी जळलं नाही. स्वच्छ वस्तू!

त्याचा नकाशा मला भुसावळला रद्दीत मिळाला. रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, मागे मासिकांचा गठ्ठा सोडून. वरून, बाजूने, पुढून — सगळं छापलंय, आतलं काही नाही. आतलं मी ठरवतो. पीव्हीसी पाइप गरम करून चपटा करायचा, त्यातून अंग कापायचं. तोफ बॉलपेनच्या रिफिलची, पट्टे तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे. पस्तिसास एक या मापाने साडेतेरा सेंटिमीटर लांबी भरते. चाकं एकावर एक चढलेली आहेत, ती बसवताना डोळ्यांचं पाणी होतं.

कपाटातला हा नववा लेपर्ड. पहिले दोन नकाशाबरहुकूम आहेत. बाकीचे माझे — जर्मनांनाही सुचले नाहीत असे. प्रत्येकात बाहेर पडायला एक दार जास्त. नवव्याला तर पोटाखालीही आहे.

९ एप्रिल, रविवार

आत बसायची चार माणसं तासत होतो. वहिनी चहा घेऊन आली ती उभीच राहिली.

द्रौपदावहिनी म्हणजे भाईदासची बायको. भाईदास माझा थोरला भाऊ. एकाहत्तरच्या डिसेंबरात रणगाड्यातून टेहळणीला पुढे गेला, तो गेलाच. प्रेत नाही, वस्तू नाही. तारेत एकच शब्द होता — बेपत्ता. नंतरच्या कागदांवरही तोच. सतरा वर्षं वहिनी रोज आंघोळ झाली की कुंकू लावते, आणि आई अजून दाराची कडी वाजली की "कोन शे?" म्हणत उठते.

वहिनीने वाकून झाकणातून आत बघितलं. "भाऊ, आठे आतमा किती मानसं मावतस?"

"चार."

"आन बाहेर किती येतस?"

असं कोणी विचारतं का! मी म्हटलं, चहा निवतोय.

१३ एप्रिल

आई म्हणते, "कपाटमा तोंड घालीसन कोनासंगे बोलस रे तू?" कोणाशीच नाही! मोतीबिंदूने डोळे गेले, आता कानही चालले म्हातारीचे.

१७ एप्रिल

अॅराल्डाइट तुटलं. लोखंड धरून ठेवतं ते! झाकण उभं, आणि तुटलेला पापुद्रा बाहेरच्या बाजूला पडलेला. आतून ढकलल्यासारखा.

आत मी पांढुरका रंग दिला होता, नीट आठवतंय. आज आत काळं. बोट घातलं तर काजळी लागली. वास घेतला, जळकाच. चारपैकी तीन माणसं बाहेर, पट्ट्यांजवळ आडवी. चौथं आतच.

वहिनीला जरा आवाज चढवूनच विचारलं, कपाटाला हात लावला का? म्हणाली, "मी कसाले हात लाऊ? किल्ली तुमनापाशी. पन भाऊ, घरमा काडीपेटी दोन दिनमा सरस. तुम्ही बिडी पेतस का?"

मी आयुष्यात बिडी ओढलेली नाही.

२१ एप्रिल

आज आईने विषय काढला. वहिनी पाण्याला गेली होती. "औंदा आखाजीले भाईदासनी घागर भरी टाकू. मी मरसू तवय त्याना जीव पान्यावाचून नको ऱ्हावाले." आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. भाईदासची कधी भरली नाही. भरली म्हणजे तो गेला.

मग हळूच म्हणाली, "घागर भरी की तुना न् द्रौपदाना पाट लाई देऊ. दीर शेस, लोकं काय बोलतीन? उलट बरंच म्हनतीन. तू बी एकला, ती बी एकली."

मी ताटावरून उठलो. ओरडलो! आईवर आयुष्यात ओरडलो नव्हतो. मी वहिनीकडे तसं कधी बघितलेलं नाही. कधीच नाही. आणि हे इथे लिहायची तरी काय गरज होती?

२४ एप्रिल

लिहूनच टाकतो. भाईदास मेला, हे मला ठाऊक आहे. पहिल्यापासून.

बहात्तरच्या जानेवारीत पत्र आलं होतं. त्याच्या रणगाड्याचा चालक जीवराम, एरंडोलकडचा, त्याने लिहिलेलं. गोळा बाजूला बसला, आग लागली, तिघे बाहेर पडले. भाईदास बुरजात होता. झाकण वाकलं होतं, उघडेना. तो आतून ठोकत होता, पाणी मागत होता. मग ठोकणं थांबलं. 'आम्ही पळालो, माफ करा,' असा शेवट.

ते पत्र मी कोणाला दाखवलं नाही. वहिनी तेव्हा एकोणीस-वीसची. कसं दाखवणार? घडी घालून कंपासपेटीत तळाशी ठेवलं, ते आजतागायत उघडलं नाही. उघडायची गरजच नाही, शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणून तर मी दारं जास्त करतो. नऊ रणगाडे, तेवीस दारं.

सतरा वर्षं एका बाईला खोटं कुंकू लावायला लावलं मी. हलकट माणूस!

१ मे

सुट्टी. पारा पंचेचाळीसवर, पंखा नुसता गरम वारा खाली ढकलतोय.

वहिनी डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, त्यासनी पानी मांगं व्हतं. कोनी दिन्हं का?"

पाण्याचं फक्त पत्रात आहे. पळत जाऊन कंपासपेटी बघितली — पत्र जागेवर, घडीवर बोटभर धूळ. मग हिला कोण सांगतं? कपाटाकडे बघितलं तर आतून टक्... टक्... दोनदा. देवाशप्पथ ऐकलं.

आता नाही सहन होत. तो बाहेर यायला बघतोय. त्याचं मरण मी दाबून ठेवलंय, म्हणून.

५ मे

दिलं. दुपारी आई झोपली होती तेव्हा पत्र वहिनीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "माझं चुकलं. मला मार, शिव्या दे, पण वाच."

तिने उभ्याने वाचलं. परत वाचलं. उलटून बघितलं, घडी घातली. रडली नाही. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच मान खाली घातली. मग म्हणाली, "बरं. भरा घागर."

८ मे, आखाजी

नवी घागर, वर डांगर — आमच्याकडचं खरबूज — आणि सांजोरी. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढत मी एकेका पूर्वजाचं नाव घेतलं — आजोबा, पणजोबा, बाबा. शेवटी भाईदास. बोट ओढताना आई हुंदका देऊन खाली बसली. शेजारच्या शेवंताबाईने तिला धरलं.

वहिनीने मोरीत जाऊन कपाळ धुतलं. बांगड्या स्वतःच काढून फळीवर ठेवल्या. कोणी सांगितलं नाही, कोणी हात लावला नाही. ती बाहेर आली आणि मी ओळखलंच नाही क्षणभर.

कपाट शांत. झाकण बंद. सुटला! मी पण सुटलो. आई संध्याकाळी पुन्हा पाटाचं बोलली, आणि या वेळी मी उठलो नाही.

१० मे

वहिनी आज सकाळी यावलला माहेरी गेली. ट्रंक घेऊन. निघताना पत्र माझ्या हातात दिलं. "भाऊ, हाई तुमनं अक्षर शे. मी त्याच दिवशी वळखं. पान्यानं बी तुम्हीच रातले कपाटमा तोंड घालीसन बोलतस, ते ऐकं व्हतं. पन सतरा वरीस वाट देखी देखी मी थकी गयतू, म्हनीसन घागर भरू दिन्ही. पाटनं मातर आईले नही म्हनी सांगा."

पत्र उलटून बघितलं. मागे धरणाच्या भिंतीचा छेद आहे. आमच्या ऑफिसचा कागद. खाली तारीख १२ ऑगस्ट १९७४, रेखांकनाखाली माझी सही. मी नोकरीला लागलो तो महिना.

लिहिल्याचं आठवत नाही. काहीच आठवत नाही. जीवराम नावाचा कोणी माणूस आहे की नाही, तेही आता सांगता येत नाही.

भाईदास मेला, असं मला कोणीच कधी कळवलेलं नाही.