गार्डा तळ्याकाठी राहण्या-जेवणाची सोय

२६ जानेवारी, पूजेनंतर
मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतील. सविताला विचारलं, काय हवं? मला वाटलं, बांगड्या म्हणेल. म्हणाली, इटलीत ते गार्डा तळं आहे ना, तिथे द्राक्षांच्या मळ्यातल्या एखाद्या घरात राहायचं. खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे. आणि दुसऱ्या कुणी शिजवलेलं, दुसऱ्या कुणी वाढलेलं मी बसून खायचं. बस.

मागणी साधी आहे. संकल्प: राहण्या-जेवणाची सगळी व्यवस्था मी स्वतः करणार. एजंट नाही. लेकीची, क्षिप्राची, मदत नाही. इथे परदेशात, आंग मो किओच्या कारखान्यात, इतकी वर्षं क्वालिटी बघतोय, खराब माल माझ्या हातून पुढे जात नाही. एक खोली निवडायला महिना पुष्कळ झाला.

२ फेब्रुवारी
शेजारच्या ब्लॉकमधला निशिकांत चहाला आला. गेल्या वर्षी युरोप करून आलाय, तेव्हापासून सगळ्यांना सल्ले देतो. म्हणाला, शिऱ्या, आधी व्हिसाची अपॉइंटमेंट घे, मग बाकीचं बघ. मी हसलो. राहायचं कुठे हेच ठरलं नाही, तर व्हिसा कसला? सविता आणि क्षिप्राने मागेच इथलं नागरिकत्व घेतलं. त्यांचे पासपोर्ट लाल, त्यांना व्हिसा लागतच नाही. माझा एकट्याचा निळा, भारताचा. म्हणजे काम एका माणसाचं, एका दुपारचं.

निळा मी मुद्दाम ठेवलाय. तासगावच्या मातीचा प्रश्न आहे. शिवाय फॉर्म फार मोठा होता.

१६ फेब्रुवारी
गावांचा अभ्यास सुरू.
सिरमिओने: किल्ला सुंदर. गर्दी. बाद.
मालचेसिने: डोंगर फार, मळे कमी. बाद.
लाझिसे: सगळं चांगलं, पण हॉटेलला पार्किंग नाही. आम्ही गाडी घेणार नाही, तरी पार्किंग नसणं हे ढिसाळ कारभाराचं लक्षण. बाद.
बार्दोलिनो: गावाच्याच नावाची वाइन विकतात. मी रोज गंध लावणारा माणूस. तासगावला पत्ता काय सांगणार?
घाई नको.

९ मार्च
जेवणाचा अभ्यास. मन उदास.

रिसोत्तो म्हणजे भात असं कळल्यावर आनंद झाला होता. पण तिथला खास रिसोत्तो तांबड्या वाइनमध्ये शिजवतात. जो पांढरा असतो तो बहुतेक ठिकाणी मांसाच्या पाण्यात. त्यांचं ते प्रसिद्ध चीज वासराच्या पोटातल्या रसाने विरजतात आणि दिसेल त्यावर किसतात. सविता म्हणाली, अहो, किसू नका म्हणून सांगू की. असं कुठे असतं? संपूर्ण स्वयंपाकघर संशयास्पद आहे.

संध्याकाळी दिवा लावताना उपाय सुचला. स्वयंपाकघर असलेलाच फ्लॅट घ्यायचा! छोटा कुकर न्यायचा. सविता तिथेच वरण-भात लावील. तिची किती सोय होईल! लगेच जाऊन सांगितलं. ती कपाटात भांडी लावत होती, आज जरा जोरात लावत होती.

३० मार्च
बार्दोलिनोच्या वरच्या टेकडीवर एक शेतघर सापडलं. मालकीण रोझान्नाबाई. चार खोल्या, भोवती मळा, खाली तळं. मात्र जेवण त्या स्वतःच रांधतात आणि स्वतःच वाढतात. पाहुण्यांना स्वयंपाकघर मिळत नाही. ही फार मोठी त्रुटी.

तरी मेल लिहिली. खिडकीचं तोंड कुठे, पाणी नक्की किती दिसतं, भांडी वेगळी मिळतील का. आम्ही तासगावचे, द्राक्ष आमच्या अंगणातलं, म्हणून छाटणी कधी करता, डावणीचा रोग येतो का, भुरीवर काय फवारता, हेही विचारलं. ओळखीचं नातं तयार होतं.

१ एप्रिल
उत्तर आलं. "येस. विंडो येस. लेक येस. कम."
याला उत्तर म्हणत नाहीत. पुन्हा सविस्तर लिहिलं.

१२ मे
लग्नाचा वाढदिवस. खोली ठरलेली नाही.

लिटिल इंडियात शाकाहारी जेवायला गेलो. दुसऱ्या कुणी शिजवलेलं सविताने बसून खाल्लं, तेवढं साधलं. (ताट स्वतः आणावं लागलं.) जेवताना मी माझा निर्णय सांगितला. मे महिन्यात मणी बाजरीएवढे असतात, मळ्यात बघण्यासारखं काही नसतं. आपण तोडणीच्या वेळी, सप्टेंबरात जाऊ. क्षिप्रा म्हणाली, बाबा, यू मीन यू डिडंट बुक. सविता ताटं परत ठेवायला उठली. समजूतदार आहे.

६ जुलै
आजपासून चातुर्मास. कांदा-लसूण बंद.

स्नान करून रोझान्नाबाईंना मेल. कांदा, लसूण, वांगं का वर्ज्य, जमिनीखाली वाढणाऱ्या वस्तूंचा मनावर काय परिणाम होतो, सगळं समजावून लिहिलं. त्यांच्याकडे राहायचं असं ठरलेलं नाही, पण सांगून ठेवलेलं बरं. त्यांनी उलट विचारलं, कितीजणांसाठी? मी लिहिलं, तिघांसाठी. सविता आणि क्षिप्रा पाळत नाहीत, पण परदेशात घर एकविचाराचं दिसावं. अपवाद करू नये असंही लिहिलं. कुणी कितीही मागितलं तरी.

"ओके. नो गार्लिक. प्रॉमिस," असं उत्तर आलं. बाई हळूहळू तयार होतेय.

१७ ऑगस्ट
कॅलेंडर घेऊन बसलो. महिनाअखेरीस गणपती, ते उठले की पितृपक्ष, तो संपला की घट बसणार. सप्टेंबरात एक दिवस मोकळा नाही! हे मला मेमध्ये कुणी सांगितलं नाही. सविता म्हणाली, पंचांग तुमच्या उशाशी असतं.

मग फ्लॅटचा विषय काढला. क्षिप्रा इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, बाबा, जस्ट बुक, लाह! इट्स अ रूम, नॉट युअर जावई. मी रागावलो नाही. आवाज उंच झाला तो पंखा चालू होता म्हणून.

१८ ऑगस्ट
क्षिप्राने पाया लेबारच्या ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत, सगळं बुक केलं. दसऱ्यानंतर निघायचं. विमान, तळ्यापर्यंत न्यायला गाडी, रोझान्नाबाईंची पाण्याकडची खोली. बदल करता येणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत, असली तिकिटं. मुद्दाम घेतली म्हणाली.

माझा इतक्या महिन्यांचा अभ्यास तिच्या उपयोगी पडला याचं समाधान आहे. स्वयंपाकघर नाही, एवढाच सल. सविता आज स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

७ सप्टेंबर
व्हिसाची दुपार.
अपॉइंटमेंट शिल्लक नाही. पहिली मिळते ती आम्ही परत आल्यानंतरची.
साइट बिघडली असावी.

८ सप्टेंबर
साइट बिघडलेली नाही.

१० सप्टेंबर
पहाटे जप करून बघितलं. ऑफिसात टेस्ट रिपोर्टच्या आड बघितलं. एकदा एक जागा हिरवी दिसली, नाव टाकेपर्यंत गेली. निशिकांतला फोन केला. म्हणाला, शिऱ्या, फेब्रुवारीत चहा पिताना मी काय बोललो होतो? माणूस अडचणीत असताना मित्राने जुनं उकरू नये. त्याच्याशी बोलणं बंद.

मातीची ओढ असलेल्या माणसाचं कुठेच जमत नाही.

१४ सप्टेंबर
शेवटी घरात सांगितलं. सविताने तिकिटांवरच्या तारखा पुन्हा एकदा बघितल्या. मग म्हणाली, आम्ही दोघी जातो.

मला वाटलं, आता म्हणेल, पण तुमच्याशिवाय कशी जाऊ? म्हणून थांबलो. समजूत घालायला वाक्यही तयार होतं. बघतो तर ती माळ्यावरची बॅग काढायला गेलेली.

३ ऑक्टोबर
चांगी विमानतळावर सोडून आलो. जाताना सविताने नमस्कार केला आणि फ्रिजमध्ये दूध आहे म्हणाली. डबे भरून ठेवले असतील असं मी समजत होतो. दूधच आहे.

छोटा कुकर मी त्यांच्या बॅगेत तळाशी, साडीत गुंडाळून ठेवला होता. आता माझ्या उशीवर आहे. साडीशिवाय.

संकल्प: हा आठवडा मौन आणि वाचन.

६ ऑक्टोबर, संध्याकाळी सात
व्हिडिओ कॉल. (घरच्यांशी बोलणं मौनात धरत नाहीत.) तिकडे दुपारचं जेवण चाललेलं.

सविताने आधी खिडकी दाखवली. खाली वेलींच्या ओळी, पानं पिवळी पडायला लागलेली, आणि पलीकडे पाणी. इतकं पाणी की समोरचा काठ धुरकट. मी म्हटलं, खोड जाड दिसतंय, बाग जुनी आहे. ती म्हणाली, खोड काय बघताय, पाणी बघा.

मग फोन टेबलाकडे नेला आणि तिचा सूर बदलला. अहो, काय लिहून ठेवलंयत तुम्ही या बाईला? शेजारच्या टेबलावर लसणाचा असा घमघमाट सुटलाय आणि आमच्यापुढे रोज उकडलेला भोपळा! मी हात जोडले, क्षिप्राने गूगलवरून इटालियनमध्ये विनवलं. बाई ढिम्म. म्हणते, नो, मिस्टर शिरीष सेड, नो एक्सेप्शन. क्षिप्रा मागून ओरडली, बाबा, आय केम टू इटली टू ईट पंपकिन, इज इट?

इतक्यात रोझान्नाबाई स्वतः फोनमध्ये डोकावल्या. सत्तरीच्या असाव्यात, हात राकट, आमच्याकडच्या मळेवाल्या बायकांसारखे. मोठ्यांदा म्हणाल्या, "मिस्टर शिरीष! नो गार्लिक! प्रॉमिस!" मागे टेबलावर तिसरं ताट मांडलेलं होतं. सविता म्हणाली, रोज मांडतात. कितीही सांगा, तुम्ही यायचे आहात असंच धरून चालल्यात.

व्यवस्था चोख झाली म्हणायची, एवढंच बोललो.

सविताने फोन स्वतःकडे वळवला. मग हळू म्हणाली, पण वाढते हो ती. मी उठायला लागले की खांद्याला धरून खाली बसवते. मग म्हणाली, ठेवते, भोपळा गार होतोय.

७ ऑक्टोबर
मौन मोडलं. दूध संपलं होतं आणि कुकरला वरण लागलं. निशिकांतशी बोलणं पुन्हा सुरू केलं, त्याने खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरला नेलं. शाकाहारी फ्राइड राइस मागवला. पहिल्याच घासाला लसूण कळला. भरपूर होता, चांगला खरपूस. निशिकांत म्हणाला, शिऱ्या, थुंक की. पण अन्न टाकणं हे त्याहून मोठं पाप, म्हणून संपवला.

संपल्यावर डोळ्यांपुढे ते तिसरं ताट आलं. आणखी एक प्लेट मागवली. तीही टाकली नाही.