आईच्या गोधडीतला साप

२८ सप्टेंबर

फुटलं बिंग! मंतीच्या पुरचुंड्यांत भरायचा खिमा काढायला गुलबारा एजेनं फ्रीझर उघडला आणि हाताला लागली माझी उंदरांची पिशवी. किंकाळी पाचव्या मजल्यावरून थेट अंगणात गेली असणार.

"सेझीम! साप ठेवू दिले, गप्प बसले. आता माझ्या मंतीच्या मांडीला मांडी लावून उंदीर?"

एजे म्हणजे ताई, पण घर तिचं, मी भाडेकरू. शेवटी तह झाला. उंदीर सगळ्यात खालच्या खणात, झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा एजे कधीही उघडणार नाही. जाता जाता टोमणा मारलाच — "लग्नाचं वय झालं पोरी. कुठली सासू तुला सापांसकट घेणार?"

न घेणारी सासू मलाही नको.

४ ऑक्टोबर

जर्दाळूनं कात टाकली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड! एकही तुकडा मागे नाही. नवी कातडी अशी केशरी की पेटीत दिवा लावायची गरज नाही. प्राध्यापक नेहमीसारखा दगडाखाली, एक डोळा बाहेर. नाव तिलेकनं ठेवलं — "काही करत नाही, नुसता बघतो, आणि बघून नाराज होतो. आमच्या शरीरशास्त्राच्या सरांसारखा." तिलेक आमच्याच पशुवैद्यकीला, दोन वर्षं पुढे. दोन्ही साप त्याच्याच घरी अंड्यातून निघाले.

उद्या हाडांची तोंडी परीक्षा. घोड्याच्या पायापर्यंत झालंय.

१९ ऑक्टोबर

घरून, नारिनहून, मेदेर दादाचा फोन. आईच्या पोटात महिनाभर दुखतंय. तिथला डॉक्टर म्हणाला, शहरात न्या. आईनं फोन हिसकावून घेतला —

"मी येईन. पण तुझ्याकडे उतरणार नाही. साप असलेल्या घरात मी घोटभर चहासुद्धा घेणार नाही!"

म्हटलं, तिलेककडे ठेवते त्यांना. मग म्हणते, "नको. थंडी सुरू झाली. आता कुठं हलवतेस त्यांना."

सापांची दया? आईला? लहानपणी गोठ्यात साधी धामण दिसली तर आठवडाभर धार काढायला आत गेली नव्हती.

८ नोव्हेंबर

आई आली. किती वाळली आहे! "प्रवासानं ग. घाटात तीनदा उलटी झाली," म्हणाली. बरोबर तळलेल्या बोरसोकांची पिशवी, कुर्तच्या सुक्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी, लोकरीचे मोजे — आणि पिशवीच्या तळाशी दुधाची बाटली. मला वाटलं चहाला.

चहाला कसलं! बूटही न काढता सरळ पेटीपाशी गेली. तोंडानं पुटपुटत झाकण सरकवलं आणि जर्दाळूच्या डोक्यावर दूध ओतलं. घरात साप आला तर पांढरं शिंपडावं, म्हणजे तो शांतपणे निघून जातो. माझ्या आजीनं केलं, तिच्या आजीनं केलं. पण तो साप जातो तरी! ही कुठं जाणार? जर्दाळू डोक्यावर दूध घेऊन बसली — जीभ आत, बाहेर.

"जात का नाही ही?"

"आई, ती इथंच राहते."

"बरं," आई म्हणाली, "मग मीही राहते." आणि खाली बसली. मी संध्याकाळभर पेटी धूत होते.

२२ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. साधी गाठ होती, काढून टाकली. दादानंच सांगितलं, डॉक्टरांशी तोच बोलला. मी म्हटलं कागद दाखव. म्हणाला, "कागद मी बघतो, तू पुस्तकं बघ. परीक्षा तुझी आहे का माझी?"

देवा, तुझे उपकार. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

३ डिसेंबर

आई जेवत नाही आणि प्राध्यापकही जेवत नाही. त्याचं ठीक, हिवाळा आहे. आईला म्हटलं तर म्हणते, "तो जेवला की मी जेवेन." आणि प्राध्यापकाकडे बघून डोळा मारला!

१४ डिसेंबर

कॉलेजातून आले तर आई पेटीजवळ खुर्ची ओढून बसलेली. हात आत! मी दारातच थिजले.

"ओली नाही ग ही," ती कुजबुजली. "मला जन्मभर वाटायचं साप ओला असतो, बुळबुळीत. ही तर नव्या लगामासारखी आहे." मग बोट तसंच ठेवून — "छप्पन्न वर्षं उगाच भ्यायले."

एजे स्वयंपाकघरातून आईवर ओरडली, "जुमागुल, तुझं डोकं फिरलं!" दोघींचं आता छान जमतं. दिवसभर कुजबुजत असतात. मी आले की एजेला एकदम भांडी आठवतात.

२९ डिसेंबर

नवीन वर्षासाठी आईला स्वेटर घातला तर खांद्यावरून घसरला. माझाच स्वेटर. मला घट्ट होतो तो.

९ जानेवारी

एवढी थंडी मी नारिनमध्येही पाहिली नाही. नारिनमध्ये निदान चूल असते! दुपारी इमारतीतली गरम पाण्याची नळी फुटली. जिन्यात पाण्याचा आधी ओढा झाला, मग बर्फ. तासाभरानं वीज गेली. पेटीतली गरम गादी बंद, दिवा बंद. काचेला हात लावला — बर्फ! जर्दाळू वेटोळं घट्ट करून बसलेली. जीभसुद्धा बाहेर काढेना.

बाटल्यांत गरम पाणी भरावं तर शेगडीही विजेची. तिलेकला फोन केला, त्याच्याकडेही अंधार. काय करू, काय करू — खोलीत नुसती फिरत होते. आई पलंगावरून म्हणाली —

"इकडे दे तिला."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तिला. मी तीन गोधड्यांत आहे, तू कोटात आहेस. एक तुला, एक मला. उभी काय राहिलीस, आण!"

आणली. आईनं गोधडीचं टोक उचललं. सदऱ्याचं वरचं बटण काढलं. डोळे मिटले. तोंडानं आजीचंच काहीतरी. मी जर्दाळूला तिच्या छातीवर ठेवलं. आई शहारली, दात आवळले — पण हलली नाही. मग हात वरून ठेवला. जसा माझ्या डोक्यावर ठेवायची.

"गार आहे ग," म्हणाली. "वासराचं नाक जसं."

मी प्राध्यापकाला पोटाशी धरून बाजूला शिरले. एजे दारात मेणबत्ती घेऊन. "हे मी कुणाला सांगितलं तर मला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील," म्हणाली, आणि तीही आपली गोधडी घेऊन आमच्यात शिरली. सापांकडे पाठ करून! आई हसून हसून खोकायला लागली.

१० जानेवारी

वीज नाहीच. आईला जर्दाळूसकट किती वेळ निजवून ठेवणार? कॉलेजात जनित्र आहे. दोन्ही सापांना कोटात घातलं, वरून मफलर, आणि गेले. प्राणिशास्त्राचा तास. अर्ध्या तासानं मागून खुसखुस. बाईंनी खडू खाली ठेवला.

"सेझीम, तुझा मफलर जीभ काढतोय."

वर्ग फुटला! मला वाटलं गेलं कॉलेज, गेलं सगळं. बाई जवळ आल्या. जर्दाळूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "घरी ऊब नाही?" नाही म्हटलं. "मग खिडकीत काय बसलीस? गरम नळीपाशी बस. आणि सापाचं हृदय किती कप्प्यांचं, उभी राहून सांग."

तीन. सांगितलं.

११ जानेवारी

वीज आली. दोघंही जिवंत!!

१८ जानेवारी

परीक्षा संपल्या. चांगल्या गेल्या. आईला सांगितलं तर रडायलाच लागली. एवढं काय रडायचं? साधं पास तर होतेय!

२५ जानेवारी

जर्दाळू तोंड उघडं ठेवून श्वास घेतेय. नाकपुडीशी बुडबुडा. पुस्तकात जे वाचलंय ते सगळं समोर दिसतंय — छाती भरली आहे. नको, नको, नको.

२७ जानेवारी

तिलेक इंजेक्शनं घेऊन आला. सुई मीच टोचली.

३ फेब्रुवारी

आई घरी गेली. डॉक्टरांनी सोडलं म्हणे — बरी झालीस, आता घरचं दूधतूप खा. दादा गाडी घेऊन आला होता. त्यानं तिला जिन्यावरून उचलूनच खाली नेलं. "बर्फ आहे, घसरेल," म्हणाला.

निघताना आई पेटीपाशी थांबली. जर्दाळूनं मान वर धरलेली — तसंच बसावं लागतं तिला आता, श्वासासाठी.

"माझ्यामुळे झालं हे," आई म्हणाली. "माझ्या अंगात तेवढी ऊब नव्हती ग, पोरी. मला वाटलं असेल. नव्हती."

"काहीतरीच! तू होतीस म्हणून ती वाचली."

आईनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचा वास घेतला. फार वेळ. दादानं खालून हॉर्न वाजवला.

११ फेब्रुवारी

औषध लागू पडत नाही. ती माझ्या मनगटाला विळखा घालते, पण विळख्यात जोर नाही. दोरा गुंडाळल्यासारखा.

१९ फेब्रुवारी

गेली.

तास चालू होता तेव्हा गेली. मी नव्हते. घरी आले तर पाण्याच्या वाटीवर मान ठेवलेली. मी तासभर तशीच धरून बसले. अजून मऊ होती. अजून तोच रंग! रंग कसा काय राहतो?

२० फेब्रुवारी

इमारतीमागे चिनारांखाली पुरली. जमीन दगड झालेली. तिलेकनं पहार मारली, एजे किटलीनं उकळतं पाणी ओतत होती. शेजारचा म्हातारा वरून ओरडला, "काय पुरताय रे?" एजे म्हणाली, "आमच्या घरातलं माणूस. तू आपली खिडकी लाव!"

संध्याकाळी आईला फोन लावला. सांगताना हुंदकाच आला. साप मेला म्हणून एवढं रडणारी मी एकटीच असेन! आई ओरडली नाही. म्हणाली, "कोशोक म्हटलंस का?"

"आई! सापासाठी कोशोक? माणूस मेल्यावर गातात तो विलाप."

"तुला येतो का? नाही येत. शहरात राहून काही येत नाही तुम्हा पोरींना. ऐक." आणि आईनं फोनवर गळा काढला. आधी थट्टेत, नाकातून —

"जर्दाळूच्या रंगाची बाई माझी,
उन्हाचा तुकडा जमिनीवरचा,
पाय नव्हते तरी आलीस दारी,
जीभ होती तरी कडू बोलली नाहीस..."

मला हसू फुटलं. मग आवाज बदलला. थट्टा गळून पडली. आईचा आवाज खाली उतरला, थांबला, श्वास घेतला, परत चढला —

"थंडीत तुला धरलं उराशी,
उरात माझ्या निखारा नव्हता,
मागे राहिली लेक एकटी,
तिला ग कोण पांघरूण घालील..."

एजे दारात उभी. डोक्याचा रुमाल तोंडाला लावून.

"आता तू म्हण," आई म्हणाली.

"मला लाज वाटते."

"लाजू नको. भिंतीकडे तोंड कर आणि म्हण. शब्द येतात. पहिला शब्द काढला की बाकीचे येतात."

मी भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं. वेडंवाकडं, मध्येच रडत, मध्येच थांबत. आई पलीकडून "हं, हं, पुढं" म्हणत राहिली. मग तिचा "हं" यायचा थांबला. दादानं फोन घेतला. "झोप लागली तिला," म्हणाला.

२८ फेब्रुवारी

रिकामी पेटी काढून टाकवत नाही. कॉलेजात मन लागत नाही. तिलेक म्हणाला नवं पिल्लू देतो. नको म्हटलं. त्यानं प्राध्यापकाचं पाणी बदललं. त्याचं हेच बरं आहे, आग्रह करत नाही.

आईला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा दादानंच घेतला. कधी ती झोपलेली, कधी शेजारणीकडे गेलेली, कधी अंघोळीला.

५ मार्च

प्राध्यापक जेवला! हिवाळ्यातलं पहिलं जेवण. आईला सांगायला फोन केला. या वेळी तिनंच घेतला. आवाज अगदी बारीक, घसा बसला म्हणते. सांगितलं — प्राध्यापक जेवला, आता तुझी पाळी.

"जेवते," म्हणाली. "तू पुढच्या तासाला जा."

९ मार्च

सकाळी दारात मेदेर दादा. फोन न करता. रात्रभर गाडी हाकत आलेला, टोपी हातात. तो बोलायच्या आधी एजेच रडली. आई गेली.

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. नोव्हेंबरापासून! डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि शिवून टाकलं. गाठ पसरलेली, काढलीच नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं एकेकाला शपथ घातली होती — पोरीचं वर्ष बुडू देऊ नका.

एखाद्या गायीचं अंग असं उतरलं असतं तर मी गोठ्याच्या दारातून ओळखलं असतं.