दोघांचं बाकडं

बाई,

माझ्या हातानं झालेलं आधी सांगतो. सागवानी दारं अकरा, एक वळणाचा जिना, तीन पाळणे, मुलीच्या लग्नातलं कपाट. वलगावच्या विहाराचं दार सहा फूट नऊ इंच, सूतभरही चूक नाही. शिकवायला कोणी नव्हतं; लोकांची जुनी दारं खोलून, पुन्हा जोडून शिकलो.

तुम्हाला जाऊनही आता वीस वर्षं झाली. तरी दुपारी रंधा थांबला की भुशातून ऊन तरंगत राहतं, आणि मी अमरावतीच्या या दुकानात नसतोच, अकोल्यात आपल्या सातवीच्या वर्गात असतो. खडूच्या धुळीतलं तेच ऊन. विद्यापीठाच्या नामांतरावरून बाहेर पेटलेलं आहे. आम्ही बौद्धपुऱ्यातली पोरं खिडकीकडे बसतो, जमीनवाल्या घरांतली भिंतीकडे, आणि मधली वाट पुरातल्या नदीसारखी रुंद दिसते. एका सकाळी तुम्ही सगळ्यांना उठवता आणि जोड्या लावता, एक इकडचा, एक तिकडचा. माझ्याजवळ एक पाटलाचा पोरगा येतो.

जेवणाच्या सुट्टीनंतर आलो, तर तो माझी जागा स्वतःच्या सदऱ्यानं पुसत होता. मी मारलं. त्याच्या नाकातून रक्त आलं.

"कावून मारलं त्याले?"

"मी बसतो तिथला विटाळ थो पुसून राहिला होता, बाई."

"तेल सांडलं होतं डब्यातलं," तो म्हणाला. "याची वही खराब झाली असती."

मागून कोणीतरी म्हणालं, "मोठा आला वह्या जपणारा."

तुम्ही बाकड्याकडे पाहिलंही नाही. "वर्षभर दोघं इथंच बसान. जो उठला, त्याची टांग मोडीन."

मी मात्र पाहिलं होतं, बाई. माझ्या कोपरापाशी तेलाचा वीतभर डाग होता, लाकडात मुरलेला, अजून ओला. मी त्यावर दप्तर ठेवलं आणि परीक्षेपर्यंत तिथंच ठेवत राहिलो. पुढे त्याच्या डब्यातलं खाल्लंही, पण तो डाग पाहिल्याचं बोललो नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

परवा इथल्या एका शाळेचे संचालक आले होते. त्यांना एकेकट्याची बाकडी पाहिजेत. "पालकच म्हणतात. पोरगं कोणाजवळ बसते, त्याचं आडनाव काय, विचारून राहिले. झंझटच नको."

म्हटलं, दोघांची करतो, कमी भावात करतो.

"मिस्त्री, तुमी कावून मनावर घेता?"

मी कामालाच नाही म्हणालो. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. सव्वाशे बाकडी होती, चार लाख साठ हजारांची. घरी अजून कोणाला बोललो नाही.