दुसरी ओळ

इंदिरानगर, नाशिक
संक्रांत

प्रिय शालू,

"वाजवा रे बँडवाल्यांनो, वाजवा ढोल नि ताशा..." मनमाडला आपल्या लग्नात तू घेतलेल्या उखाण्याची ही पहिली ओळ अजून कानात आहे. आणि पाठोपाठ तो ताशा! बँडवाल्यांना वाटलं, नवरीनं हुकूमच सोडला. दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं, ते कडकडाटात बुडालं. तुझे ओठ हललेले दिसले, तुझ्याजवळच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी मुंडावळ्या सावरत नुसता बघत राहिलो.

नंतर विचारलं, तर म्हणालीस, "नाव एकदाच घ्यायचं असतं. तुमचे कान कुठे होते?"

पुढे जन्मभर 'अहो'. अहो, दूध उतू गेलं. अहो, कविता पुरे. तुझ्या तोंडून माझं नाव मी एकदाही ऐकलं नाही, शालू!

आज हे सगळं का काढलं? संध्याकाळी महिला मंडळात तुझा फोटो लागतोय. थोर स्त्रियांच्या रांगेत! एकीकडे तलवारवाली राणी, दुसरीकडे विमान चालवणारी, मध्ये तू, शाळेत इतिहास शिकवणारी. प्रत्येक बाई उखाण्यात तुझं नाव घेणार. अभिमान वाटतोच गं. पण खरं सांगू? पोटात दुखतंयही.

सुरुवात तुझीच. "पुस्तकात बायका दोन-तीनच. बाकीच्या काय झोपल्या होत्या?" असं म्हणत तू स्टाफरूम डोक्यावर घ्यायचीस. नव्वद सालानंतर आपण इथे राहायला आलो आणि पहिल्याच हळदीकुंकवाला फर्मान काढलंस, "नाव घ्यायचं, पण नवऱ्याचं नाही. एका कर्तबगार बाईचं."

शेजारच्या वहिनी गडबडल्या. "अहो बाई, मग नवऱ्याचं कधी घ्यायचं?"

"नवरे घरी आहेतच की. पळून थोडेच जातात!"

केवढा हशा! मी आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधत होतो. मला नाही हसू आलं.

मग दर संक्रांतीला एक नवी सवत! कधी रणात उतरलेली राणी, कधी भर सभेत पंडितांना प्रश्न विचारणारी विदुषी, कधी पेठच्या डोंगरातली सुईण. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे निफाडची भागीरथीबाई. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं द्राक्षबाग उभी केली, कबूल. पण तोडणीच्या दिवसांत तू दर रविवारी एस.टी. धरून तिच्याकडे? माझ्यासाठी झाकून ठेवलेला गार भात?

तिच्या उखाण्याच्या वेळी तर कमाल केलीस. "अहो, 'आधार'ला काय जुळतं?" मी भाबडेपणानं 'भार' दिलं. आणि तू सगळ्यांसमोर ठसक्यात म्हणालीस,

"द्राक्षाच्या वेलाला मांडवाचा आधार,
भागीरथीबाईंनी एकटीनं पेलला मळ्याचा भार."

यमक माझं, नाव तिचं! हा कुठला न्याय?

जन्मभर मी मुलांना कविता चालीवर म्हणायला शिकवल्या. माझ्या स्वतःच्या चार ओळी कुणाला पाठ नाहीत. तुझे उखाणे मात्र शेअर-रिक्षातल्या अनोळखी बायकांच्या तोंडी. मग मला सांग, माझ्या वाट्याची ती एक ओळ गेली कुठे? तू गेलीस, आता विचारू कुणाला?

असो. आज वचन देतो. संध्याकाळी बायकांच्या त्या गर्दीत हा म्हातारा उभा राहील आणि पहिला उखाणा तुझ्या नावाचा घेईल. खणखणीत. हसू देत हसणाऱ्यांना.

थांब, बेल वाजतेय.

शालू, दारात कोण असेल? भागीरथीबाई! डोक्यावर पदर, काखेत द्राक्षांची पेटी. म्हणाली, "सर, जीप घेऊन आले. बाईंच्या कार्यक्रमाला तुमाला कोण नेनार?" मला राहवेना. तिला उंबऱ्यातच विचारलं, "बाईंनी माझं नाव कधी घेतलं होतं का हो?"

"आता बया! तोडणीला आल्या का दर खेपेला घ्यायच्या की. आमच्या बाया मुद्दाम घ्यायला लावायच्या. तुमाला ठावं नाय?" आणि पेटी खाली न ठेवताच तिनं सुरू केलं,

"वाजवा रे बँडवाल्यांनो, वाजवा ढोल नि ताशा,
मनोहररावांची कविता, तीच माझी भाषा."

दर खेपेला घ्यायचीस? तिच्या मळ्यात? आणि मला नाही!

तुझा, अजूनही जळणारा,
मनोहर