मास्तरांचे ‘काही होत नाही’

लोणावळे, ८ जानेवारी १९३६, बुधवार

अजून राग उतरलेला नाही. इतकी वर्षे नर्सिंग करून निवृत्त झाले, तरी अशा माणसांपासून सुटका नाहीच.

कार्ल्याच्या शाळेतल्या मास्तरांना मी समोर बसवून शिकवले होते. मुलांना देवी टोचण्याआधी घरोघर जाऊन सांगा, ताप येईल, दंड सुजेल, खपली धरेल, घाबरू नका. आणि त्यांच्यातलेच हेडमास्तर सांगत फिरले, “काही होत नाही!” विचारले तर हसून म्हणतात, “लोक बिचकतात हो, बाई.” आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी त्यांना बाकावर उभे केले असते.

मग टोचलेली पोरे तापली, आणि आता मला पाहून गाव दारे लावून घेते आहे. आज तेलवाल्याच्या बायकोकडे, हमीदाकडे गेले. तिच्या थोरल्या मुलीला टोचले होते, धाकट्याला उद्या टोचायचे आहे.

“मास्तर म्हनले, काय बी न्हाई होत. पोर दोन राती फणफणली. आता तुमचं तरी खरं कसं मानू?”

“यालाही ताप येईल,” मी म्हटले. “रडेलही. पण देवी आल्या तर...”

तिच्या जावेचे मूल गेल्या साली देवीनेच गेले.

हमीदाने धाकट्याला जवळ ओढले. मग म्हणाली, “टोचा. पर ताप चढंल त्या रातीला तुमी हितं ऱ्हायचं.”

राहीन म्हटले. ताप फार वाढला तर? तरीही राहीन.

काही होत नाही म्हणे! हेडमास्तरांना निरोप धाडला आहे. त्या रात्री त्यांनीही यायचे. पोराच्या कपाळावरची ओली पट्टी तेच बदलतील.