तारीख उलटलेलं मार्गारीन आणि माझी भूमिका

९ ऑक्टोबर, सकाळ
कपाटावर मार्गारीनचं, म्हणजे बिस्किटात तुपाऐवजी घालतात त्याचं, खोकं सापडलं. गेल्या दिवाळीत चौकातल्या सभेत तरुणांना घरगुती बिस्किट उद्योगाचं आवाहन केलं होतं, तेव्हा स्वतः उदाहरण घालून द्यावं म्हणून आणलेलं. उद्योग उभा राहिला नाही. त्याला सर्वस्वी तरुण पिढी जबाबदार आहे. खोकं मात्र शाबूत. 'बेस्ट बिफोर' जूनमध्ये संपलं.

वनमाला म्हणाली, आधी ते उकिरड्यावर टाका. मी तिला शांतपणे समजावलं की बेस्ट बिफोर म्हणजे तोवर उत्तम. त्यानंतर विष असं कुठंही छापलेलं नाही. छापील हुकमापुढं मान तुकवली नाही म्हणूनच जगात क्रांत्या झाल्या, हेही सांगितलं. फ्रान्सपर्यंत पोचलो तेव्हा ती गोठ्यात निघून गेलेली होती.

ठराव: यंदाची दिवाळीची बिस्किटं याच मार्गारीनची.

९ ऑक्टोबर, दुपार
वनमालेचा विरोध चालूच. जाईचा पहिला दिवाळसण. जावई उत्कर्षराव येणार, आणि तुळजापूरच्या दर्शनाच्या निमित्तानं विहीणबाई नागम्माही उमरग्याहून सोबत. वनमाला म्हणते, तुमच्या तत्त्वापायी माझ्या लेकीला सासरी जन्मभर टोमणे. मी म्हणालो, सत्याच्या वाटेवर टोमणे असायचेच. मग तुम्ही खा की, म्हणाली, लेकीला कशाला?

युक्तिवाद अगदीच कच्चा. उत्तर सुचलं की लिहीन.

११ ऑक्टोबर
खोकं फोडून वास घेतला. विझलेल्या समईसारखा काहीसा वाटला. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा कमी वाटला. पाचव्यांदा वास नाहीच. म्हणजे वास मार्गारीनला नव्हता, माझ्या पूर्वग्रहाला होता. चवही घेणार होतो, पण दाढ दुखतेय. दाढ थांबली की नक्की.

१३ ऑक्टोबर, दुपार
बेकरीवर जाऊन आलो. दिवाळीआधी आपापला मैदा, रवा, साखर, तूप घेऊन जायचं आणि भट्टीत बिस्किटं भाजून आणायची, ही अणदूरची रीत. कल्याणप्पाच्या भट्टीपुढं ही रांग. माझ्या पुढं सिद्धाराम, आमचा शेतशेजारी, घरच्या म्हशीचं तूप घेऊन.

कल्याणप्पानं माझं खोकं उघडलं, हुंगलं, माझ्याकडं पाहिलं. विचारलं, तात्या, हे कुणासाठी? माणसांसाठी, मी म्हणालो. तो म्हणाला, बघा बुवा.

रांगेतल्या बायका हसल्या. मग मात्र राहवलं नाही. मैद्याच्या पोत्यावर उभा राहिलो आणि 'छापील तारखेची गुलामगिरी' या विषयावर बोललो. ग्रीसपासून सुरुवात केली. भट्टीच्या धगीनं आवाज आणखी तापला. लोक इतके भारावले की टाळ्या वाजवायचं विसरले. सिद्धाराम मध्येच म्हणाला, तात्या, जरा सरका, माजा बिस्किटाचा पत्रा जळतुय. त्याला वैचारिक बैठक नाही.

ऐन समारोपात कल्याणप्पानं हाक मारली, डबे झाले, आपापला वळखून न्या. वाक्य न तोडता समोरचा डबा उचलला आणि बोलत बोलत रस्त्याला लागलो. सभा रंगात असतानाच वक्त्यानं जावं.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ
विजय. डबा उघडला आणि घरभर तुपाचा घमघमाट. मार्गारीन मुरलं की असं होत असणार. वनमालेनं एक खाल्लं. मग दुसरं घेतलं. दाढेनंही सहकार्य केलं. मी सात खाल्ली.

ठराव: पुढच्या दिवाळीचं मार्गारीन आत्तापासूनच जुनं करायला ठेवायचं. तालुक्याला व्याख्यान द्यायला हरकत नाही. जिल्ह्यालाही.

२० ऑक्टोबर, पहिली अंघोळ
घडलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे पुढं कुणी विपर्यास करायला नको.

सकाळी फराळाला सगळे बसले. विहीणबाईंनी चार बिस्किटं खाल्ली, पाचवं हातात घेऊन मला म्हणाल्या, इवाई, तूप लई झ्याक हाय वो, कुठलं? वनमालेनं मला टाचेनं ढोसलं. पण सत्य गिळणं माझ्या रक्तात नाही. उठलो, रिकामं खोकं आणलं, तारीख मोठ्यानं वाचली आणि उभ्यानंच प्रास्ताविक सुरू केलं.

विहीणबाईंनी पाचवं बिस्किट बशीत ठेवलं. उत्कर्षराव तोंडावर रुमाल धरून परसात गेले. जाई खाली बघून म्हणाली, बाबा, बसा ना. तिचे डोळे भरले होते. वक्त्याला असं पाहून थांबता येत नाही, पण थांबलो. थोडा वेळ.

तेवढ्यात सिद्धाराम दारात. काखेत डबा. म्हणाला, तात्या, त्या दिवशी बोलायच्या नादात तुमी माजा डबा नेला की. आमी सणापातूर बंदच ठेवला हुता. आज उघडला तर घरभर वास, म्हातारी म्हणाली दिवा कुणी सांडला. हे घ्या तुमचं.

मग विहीणबाईंनी पाचवं बिस्किट उचललं, खाल्लं, आणि सिद्धारामला म्हैस कुठल्या बाजारातली म्हणून विचारायला लागल्या. सिद्धाराम म्हणाला, उरलेली ऱ्हाऊ द्या हितंच, पावणे हाईत. उत्कर्षराव परसातून आले, त्यांनीही दोन घेतली. जाई हसली. वनमालेनं सिद्धारामपुढं चिवड्याची बशी ठेवली, माझा डबा माझ्या मांडीवर.

मुद्दा तत्त्वाचा होता. तो राहिलाच.

२१ ऑक्टोबर
तत्त्वासाठी माझ्या डब्यातलं अर्धं बिस्किट खाल्लं. चांगलं आहे. उरलेलं अर्धं म्हशीपुढं धरलं. तिनं मान फिरवली. ती वनमालेच्या हातची आहे, तिचं मत ग्राह्य धरता येत नाही.

२४ ऑक्टोबर
जाईचा फोन. खुशीत होती. पुढच्या महिन्यात तिच्या घरी जेवायला बोलावलंय, आम्हा दोघांना. मी विचारलं, सासूबाई माझ्याबद्दल काही म्हणाल्या का? आढेवेढे घेत होती. आग्रह केला तेव्हा म्हणाली, हो, म्हणाल्या की इवायाला सांग, बिस्किटं कसलीबी आणा, आमी खाऊ. भाषण तेवढं आणू नका.