चिकटवहीला दिलेले गुण

बाबूजी,

आज एका मुलीच्या वडिलांनी मला विचारले, "मॅडम, या चिकटवहीले गुण किती हायेत?" रविवारी सकाळी सौंसरच्या माझ्या ओसरीत दहा-बारा मुले बसतात, कागद कापतात, चिकटवतात. त्या गृहस्थांना मी सांगितले की गुण नाहीत, नंबर नाही, प्रदर्शनही नाही. ते म्हणाले, "मंग करून फायदा काय?" प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि शिक्षकाच्या सवयीने समजावायला बसले. ते गेल्यावर लक्षात आले की मघापासून मी त्यांच्याशी बोलतच नव्हते. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

प्रथम लेईची, म्हणजे खळीची, कृती सांगते, कारण कृतीत मला आजही तितकाच आनंद होतो. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, गाठी मोडेपर्यंत. मग मंद आचेवर ढवळत राहायचे. लेई पळीला धरू लागली की उतरवायची. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विषारी असते, म्हणून ते काम माझ्याकडे. लेई कात्रणाला मधून कडेकडे लावायची, वर फडके ठेवून तळहाताने दाबायचे आणि पान वाळेपर्यंत वही उघडी ठेवायची. एवढे शास्त्र पुरे. त्यापुढे मी मुलांना फक्त सवलती देते. वाकडे लागले तर लागू द्या. आज मन नसेल तर नुसती कात्री चालवा, किंवा तीही नको. शेजारचीची वही पाहा, पण आपली तिच्याशी मोजू नका. मध्ये पाने कोरी सुटली तर ती कुणाची थकबाकी नव्हे. आणि दाखवायची नसेल, तर मलाही दाखवू नका. यांतली एकही सवलत मी प्रशिक्षण महाविद्यालयात शिकले नाही. या सगळ्या ताईला मिळायला हव्या होत्या.

तिची वही सुरू झाली ती पांढुर्ण्यात, स्वातंत्र्याच्या वर्षी. तुम्ही तिथल्या शाळेत होता. शाळेत वाटलेला कागदी झेंडा आणि पेढ्याचा कागद तिने तुमच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पाठीवर चिकटवला. मी फार लहान होते. मला फक्त लेईचा वास आणि तुमचे हसणे आठवते. झेंडा वाकडा लागला म्हणून ती रडवेली झाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अवं, वाऱ्यावर झेंडा वाकडाच राहते!" त्या दिवशीचे तुम्ही मला अजून हवे आहात.

मग तुमची बदली सौंसरला झाली आणि मॅट्रिकच्या वर्षी ताईला क्षय झाला. तिची खाट मागच्या खोलीत, खिडकीपाशी. तिची ताट-वाटी वेगळी. आई शनिवारी जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला जाई आणि परत आल्यावर अंगारा तिच्या कपाळाला लावताना तोंड दुसरीकडे वळवून खोकल्याचे निमित्त करी. नागपूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शने दिली आणि सांगितले की मुलीचे मन कशात तरी लागू द्या. मन लागेल अशी गोष्ट तिच्याजवळ होतीच. कापडवाले काका नव्या थानांवरची गिरणीची लेबले तिच्यासाठी जपून ठेवत: मोर, हत्ती, पंखा घेतलेली राणी. ती लेबले उशाशी घेऊन ती पडून राही. कुठले कुठल्या पानावर जाईल हे ठरवायला तिला अख्खी दुपार पुरत नसे, आणि ती दुपार तिच्या आयुष्यातली चांगली दुपार असे.

तुम्ही ते पाहिले आणि तुमच्यातला मास्तर जागा झाला. मी हे रागाने लिहीत नाही. मी स्वतः जन्मभर मास्तरकी केली आहे. मूल एखाद्या गोष्टीत रमलेले दिसले की हात शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे. त्यातून ते दिवस राज्य पुनर्रचनेचे. आपल्या ओसरीवर रोज एकच विषय. "मास्तर, आपण कुठी जाऊन राहिलो? मुंबईत का भोपाळात?" कुणी म्हणे, नागपूर जिकडे तिकडे आपण. तुम्हाला रात्रंदिवस एकच धास्ती, की मराठी शाळा राहील की नाही, कचेरीत मराठी अर्ज कोण वाचेल. तुम्ही वर्तमानपत्रे आणून ताईच्या खाटेवर ठेवलीत. "हे दिवस पुन्हा येनार नाहीत, बेटा. याचं कात्रण कर. खाली तारीख लिही, पेपरचं नाव लिही, विषयवार लाव." मॅट्रिक राहिले, निदान हे तरी तिच्या नावावर राहील, असे तुम्ही आईला म्हणालात. मी दाराआड होते.

मग रविवारी तपासणी सुरू झाली. तुम्ही दारापाशी स्टूल घेऊन बसायचात आणि लाल शाईने समासात गुण द्यायचात. आजारी मुलीच्या चिकटवहीला लाल शाई! दुसऱ्या कुठल्या घरात असे झाले असते? पण आपल्या घरात माया त्याच शाईने व्यक्त व्हायची. ताईने पहिल्यांदा पान पाहिले तेव्हा ती हसली होती. "सात कायले, बाबूजी? तीन कुठी गेले?"

"तारखा नाहीत. आन् बातमीच्या मधात हा मोर कायले बसवला?"

"त्याले मुंबईले जाचं हाय."

तुम्हीही हसलात, पण गुण सातच राहिले. पुढच्या पानावर मोर नव्हता. त्याच्या पुढच्या पानाला नऊ मिळाले. कापडवाले काका एकदा ते पाहून म्हणाले, "मास्तर, पोरीनं खाट धरली त तुमी खाटेवरच शाळा लावली काजी?" ते लेबले ठेवून गेले. ताईने ती चादरीखाली सरकवली. ती मास्तरची मुलगी होती, गुणांकडे दुर्लक्ष करणे तिला कुणी शिकवलेच नव्हते. ताप असला तरी शनिवारी ती तारखा लिहीत बसे. मी कापून देते म्हटले तर म्हणे, "नोको. तुया हात ओळखतीन ते."

निर्णय आला तेव्हा संत्र्यांचा हंगाम होता. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ. ताई दिवसेंदिवस खाली जात होती. तरी तुम्ही नव्या राज्याचा नकाशा घेऊन आलात. चेहरा असा की घरातले कुणी गेले असावे. "हे शेवटचं पान. नीट लाव." तिने नकाशा हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "बाबूजी, मले थकवा येऊन राहिला." तुम्ही म्हणालात, "उद्या लाव. घाई नाही." पण नकाशा तुम्ही तिच्या उशाशी, दिसेल असाच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासूनची गोष्ट तुम्हाला माहीत नाही.

संध्याकाळी अंगणात तुमच्या वहाणांचा आवाज आला की ताई कात्री उशीखाली सारायची आणि डोळे मिटायची. श्वाससुद्धा लांब करायची. आई दारातच म्हणायची, "झोपली आत्ताच. उठवू नका." आईला माहीत होते, ती तुमच्याकडे न पाहता बोले. तुम्ही उंबऱ्यावर थांबायचात. कधी पांघरूण सारखे करायचात, त्या दिवसाचा पेपर आधीच्या पेपरांवर ठेवायचात आणि चवड्यांवर चालत परत जायचात. ती रास वाढत गेली. तुम्ही गेल्यावर ती डोळे उघडी. एखादे लेबल उजेडाकडे धरून नुसती पाही. चिकटवायचे बळ राहिले नव्हते. एकदा मला म्हणाली, "गेले का? मी गेली त वही अधुरी राहिली म्हनतीन ते." मला एवढेच कळते, की बाप जवळ असावा असे वाटण्याच्या त्या दिवसांत तिने बाप टाळला, आणि तो एका वहीमुळे.

ती गेली तशी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तुम्ही अंथरूण, उशी, पेपर आणि वही परसात जाळलीत. वही ठेवण्यापूर्वी तुम्ही ती उघडलीत आणि नकाशा लावायचा राहिलेले पान पाहिलेत. मला वाटले, आता रडतील. तुम्ही वही मिटून आगीवर ठेवली. लेईतल्या मोरचुदाने ज्वाळा हिरवी झाली, आणि मला, तुमच्या धाकटीला, तुम्ही तशा वेळीही सांगितलेत की तांब्यामुळे असे होते.

पुढे वर्षानुवर्षे तुम्ही भेटायला येणाऱ्यांना एक वाक्य सांगायचात. "शेवटी शेवटी तिले मात्र झोप चांगली लागत होती. मी जाऊन पाहाचो, शांत झोपली राहे." हे सांगताना तुमचा आवाज सैल व्हायचा. आई उठून स्वयंपाकघरात जायची. मी तिथेच बसून राहायची. तुमच्या अखेरच्या आजारात, मोहगावच्या आत्यापाशी तुम्ही पुन्हा तेच म्हणालात.

आज हे सारे लिहिले, ते तुम्हाला कळावे म्हणून की कुणाला कळावे म्हणून, मला सांगता येत नाही. चुलीत घालीन किंवा पेटीत ठेवीन. एवढे एक मात्र कबूल करते. आपल्यातले कुणी जुने माणूस अजून भेटले आणि ताईचा विषय निघाला, तर मीही सांगते की शेवटी तिला झोप चांगली लागत होती.